मिटणाऱ्या किल्ल्या

(दृश्य: टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, शेजारी व्हर्निअर कॅलिपर)

पँटचा एकच खिसा आधी फाटतो, आणि तो बहुतेक वेळा किल्ल्यांचाच असतो. घराच्या दोन, कपाटाची एक, ऑफिसच्या ड्रॉवरची एक. या चार किल्ल्या चाकूच्या पात्यांसारख्या मिटवता येतील?

स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९७ साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठीच्या, खिशातल्या मिटणाऱ्या चाकूची कायदेशीर नोंदणी केली. त्यात हत्यारं सहा, स्प्रिंगा फक्त दोन. त्याच वर्षी मुंबईत, लालबागला, अर्देशीर गोदरेज कुलपं बनवू लागले. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

चाकूच्या पात्याचं बूड, पातं धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगवर बसेल असं मुद्दाम घासलेलं असतं. किल्लीचं डोकं मात्र येईल तसं घ्यावं लागतं, गोल किंवा चौकोनी. म्हणून इथे स्प्रिंग कामाची नाही. पकड घर्षणानेच मिळवायची.

(दृश्य: सुटे भाग, एकेक जोडताना)

१.५ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, दोन्ही टोकांना एकेक स्क्रू. एका थरात एकच किल्ली, आणि समोरच्या टोकाला तेवढ्याच जाडीचा वायसर. नाहीतर पट्ट्या तिरक्या होतात. किल्ली साधारण २ मिलिमीटर जाड. चारींचे ८, पट्ट्यांचे ३, थरांमधल्या पातळ वायसरांचे अडीच. एकूण साडेतेरा.

इथपर्यंत सोपं आहे. खरी कटकट आता. एक किल्ली उघडायला जावं तर शेजारचीही बाहेर येते, कारण मधला वायसर दोघींना ओढतो. सोबत स्क्रूही थोडाथोडा फिरतो आणि ढिला पडतो. त्यामुळे स्क्रूची दांडी एका बाजूने घासून सपाट करायची, वायसरचं आणि पट्टीचं भोकही तसंच पाडायचं. मग दांडी फिरत नाही, वायसरही नाही. फिरते ती फक्त हवी ती किल्ली. वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहजी ढिला न होणारा नट. वायसर नायलॉनचे स्वस्त पडतात, पण दबतात आणि पकड जाते. चार पैसे जास्त गेले तरी फॉस्फर ब्राँझचेच (तांब्याच्या एका कडक मिश्रधातूचे) घ्यावेत.

किल्लीचं भोक ६ मिलिमीटर आणि दांडी ४ असेल तर किल्ली खुळखुळते. मध्ये पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, घालायचा, पण किल्लीच्या जाडीपेक्षा केसभर कमी उंचीचा. उंच झाला तर नटाचा सगळा दाब बुशच घेतो आणि किल्ली मोकळीच राहते.

(दृश्य: लोखंडी जाळीचा सेफ्टी डोअर, आत घातलेला हात)

किल्ली काटकोनात उघडून फिरवली तर जोर जास्त मिळतो, पण पट्टी जाळीला अडते आणि पितळी किल्ली वाकण्याची भीती. सरळ रेषेत उघडलेली बरी.

स्कूटरच्या किल्लीचं जाड प्लॅस्टिक डोकं यात बसत नाही. कारच्या किल्लीचं डोकं तर कापूही नये, आत बहुतेकदा गाडीला किल्लीची ओळख पटवणारी चिप असते. पट्टीच्या कडेला एक छोटं भोक ठेवा आणि त्या किल्ल्या रिंगमध्ये बाहेरच लटकवा.