रिकाम्या खाटांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. विभागासाठी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, उभारायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, खाटा किती? वर्षाकाठी जन्म किती, त्यांतली किती बाळं 37 आठवडे भरण्याआधी येतात (जगभरात साधारण 10 मधलं 1), किती दिवस राहतात. गुणाकार केला की सरासरी हातात येते. पण बाळं सरासरी बघून जन्मत नाहीत. आठवडाभर कक्ष निम्मा रिकामा आणि मग एकाच रात्री जुळी, पाठोपाठ तिळी!

समजा, एका रुग्णालयात रोज सरासरी 4 बाळं अतिदक्षतेत असतात. अशा अवचित गर्दीचा चढउतार ढोबळमानाने सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे 2 असतो. सरासरीच्या वर या चढउताराच्या दुपटीची सोय धरली तर 4 अधिक 4, म्हणजे 8 खाटा हव्यात. अशी चार रुग्णालयं म्हणजे 32. तीच एकत्र केली, तर सरासरी 16, चढउतार 4, आणि 24 खाटांत भागतं. तेव्हा एखाद्या दिवशी रिकाम्या दिसणाऱ्या खाटांना उधळपट्टी म्हणू नये. त्या पुढच्या रात्रीसाठीच असतात.

अर्थात, एकत्र केलं की अंतर वाढतं. म्हणून 28 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या आणि प्रवासाइतका अवधी असला, तर बाळंतपणाआधी आईलाच मोठ्या केंद्रात हलवणं उत्तम. बाळाच्या फुप्फुसांसाठीचं स्टेरॉइडचं इंजेक्शनही तिला आधीच द्यायचं असतं.

खाटा विकत मिळतात हो, सिस्टर मिळत नाहीत. खरं घोडं इथंच अडतं. अत्यवस्थ बाळामागे एक सिस्टर हवी. मॉनिटर वाजला की श्वास विसरलेल्या बाळाचा तळपाय हलकेच चोळायचा, नळीतून मोजून मिलीलिटरभर दूध सोडायचं, हे ती दोन-तीन बाळांत वाटून घेऊ लागली की चुका होतात. आणि एक जागा चोवीस तास भरायची, तर सुट्ट्या-रजा धरून पाचेक जणी लागतात.

खाट मोकळी होण्याचंही नियोजन लागतं. 26 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ बहुधा मूळ तारखेच्या आसपास, तीनेक महिन्यांनी घरी जातं. शेवटचे काही आठवडे त्याला फक्त वजन वाढवायचं असतं आणि ते गावाजवळच्या रुग्णालयातही होतं. पण ज्यांनी बाळ वाचवलं, ते डॉक्टर सोडून जायला आईबाप कचरतात. म्हणून परतीचा विषय भरतीच्या दिवशीच काढलेला बरा.