तीन रात्री समुद्राकाठी, एक क्विंटल कापूस

नमस्कार श्रोतेहो.

आमची कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागते तेव्हा तिथला ग्रेडर वरचा पांढराशुभ्र कापूस पाहतच नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो, मधली मूठ उपसतो आणि ओल मोजतो. ८ टक्क्यांच्या वर ओल निघाली की भाव कापायला लागतो, १२च्या वर गेली की गाडी परत. आपण कितीही सांगितलं, ‘दादा, वरून पाहा ना, कसा फुटला आहे’, तरी तो ऐकत नाही. आणि त्याचं बरोबरच असतं, कारण वरचा थर आपणच नीट लावलेला असतो.

आता समुद्राच्या गोष्टीत कापूस कुठून आला, तर सांगते. गेल्या जानेवारीत आम्ही चौघं विशाखापट्टणमला तीन रात्री राहून आलो. मी, आमचे हे, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. खोलीचं भाडं रात्रीचं अडीच हजार. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याआधी बहुतेक खोल्यांवर १२ होता. म्हणजे एका रात्रीचे २,६२५ आणि तीन रात्रींचे ७,८७५. आता २०२५-२६ च्या हंगामातला कापसाचा हमीभाव आठवा. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. म्हणजे ती खोली आम्हाला क्विंटलभर कापसाला पडली. एक क्विंटल विकायचा असला की आमचे हे चार ठिकाणी भाव विचारतात, काट्यावर स्वतः उभे राहतात. आणि त्याच क्विंटलाची खोली घेताना मोबाइलवर सहा फोटो पाहिले, बोट दाबलं, झालं. वरचा थर पाहून माल घेतला!

खोलीत ओल किती होती, ते पुढं येईलच.

आधी विशाखापट्टणमच का, ते सांगते. आमच्या वरोरा-चंद्रपूरकडच्या माणसाला समुद्र म्हटलं की मुंबई नाहीतर कोकण आठवतं. पण आपण महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. नागपूर किंवा बल्लारशाहहून आंध्र प्रदेश एक्स्प्रेस धरली की रात्र काढून माणूस थेट बंगालच्या उपसागरावर उतरतो. गाडी बदलायची नाही, मुंबईची गर्दी नाही. शिवाय तिथला समुद्र पूर्वेला आहे. सिनेमात सूर्य समुद्रात बुडतो, इथं तो समुद्रातून निघतो. हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाळूत बसून सूर्यास्ताची वाट पाहत होतो आणि सूर्य आमच्या पाठीमागं, शहरातल्या इमारतींच्या आड गेला! जायचं ठरवलं तर तिथं संध्याकाळ नाही, पहाट राखून ठेवा.

केव्हा जायचं हे आपल्याला शेत सांगतं, पण समुद्राचंही ऐकावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिकडचे चक्रीवादळाचे महिने. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ नेमकं याच शहरावर येऊन आदळलं होतं. तसंही तेव्हा आपली वेचणी ऐन भरात असते. संक्रांत हा आंध्राचा मोठा सण, त्या आठवड्यात गाड्याही भरलेल्या आणि खोल्याही महाग. म्हणून आम्ही जानेवारीचा शेवटचा आठवडा धरला. कापूस बराचसा घरात, हरभरा अजून उभा, मुलाची परीक्षा लांब. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. तेव्हा जानेवारीच्या अखेरीची तिकिटं नोव्हेंबरच्या अखेरीस काढायची. आणि आधी तिकीट, मग खोली. आमच्या शेजारच्यांनी उलट केलं. खोलीचे पैसे भरून बसले, तिकीट वेटिंगवरच राहिलं, आणि पैसे परत मागितले तर कळलं की स्वस्तातली खोली ‘रद्द केल्यास परतावा नाही’ या अटीवर घेतली होती. ती अट बारीक अक्षरात असते. शे-दोनशे जास्त पडले तरी रद्द करता येणारी खोली घ्या, असं मी तरी म्हणेन.

आता आमची फजिती. आमची गाडी विशाखापट्टणमला पोचली तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. ऑटो करून हॉटेलवर गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, खोली बारा वाजता मिळेल. आत्ताच हवी असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं. आमचे हे म्हणाले, अहो, आम्ही तर तीन दिवसांचे पैसे भरलेत! तो म्हणाला, बरोबर आहे, पण तुमचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो.

आपल्याकडं धर्मशाळेत, भक्तनिवासात माणूस पोचला की खोलीचा दिवस सुरू होतो, अशी आपली समजूत. काही हॉटेलंही पोचल्यापासून चोवीस तास मोजतात. पण बरीच हॉटेलं बारा ते बारा मोजतात, आणि कित्येक ठिकाणी तर दुपारी दोनला खोली देऊन दुसऱ्या दिवशी अकराला काढतात. म्हणजे चोवीस तासांचे पैसे आणि एकवीस तासांची खोली. सासूबाई त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या, डोक्यावर पदर, शेजारी चिवड्याचा डबा. येणारे-जाणारे पाहायचे. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! त्यांना मात्र काही नव्हतं. म्हणाल्या, ‘‘पैसे देल्ले ना आपण? मंग बसतो.’’

एक फोन केला असता तर हे टळलं असतं. गाडी इतक्या वाजता येते, लवकर खोली द्याल का, नाही तर सामान ठेवून तोंड धुवायची सोय आहे का, एवढंच विचारायचं होतं. आदल्या रात्री खोली रिकामी असली तर पुष्कळ हॉटेलं सकाळी देऊन टाकतात. पण विचारणाऱ्याला. परतीच्या दिवशीही तेच. आमची गाडी रात्रीची होती आणि खोली बाराला सोडायची. सामान काउंटरमागं ठेवून घ्याल का, असं या खेपेला मी स्वतः विचारलं. हो म्हणाला, चिठ्ठीही दिली. पैसे नाही घेतले.

विचारायला आपण लाजतो, ही खरी गोष्ट आहे. बैलबाजारात दात पाहणारे, शेपूट ओढून पाहणारे आपण, पण इंग्रजी पाटी आणि काचेचं दार दिसलं की आवाज बारीक होतो. आपल्याला हिंदी येतं, काउंटरवर बसणाऱ्यालाही कामापुरतं येतं. आणि सिरोंच्याकडची मंडळी तर तेलुगू बोलतच मोठी होतात, त्यांच्यापुढं तो काउंटरवाला काय!

दुसरा थर निघाला तो ‘समुद्र दिसणारी खोली’ या शब्दांखाली. त्यासाठी आम्ही रात्रीचे चारशे जास्त मोजले होते. ते अडीच हजारांतच धरलेले. खोलीत गेलो, पडदा सारला, तर समोर दुसऱ्या इमारतीची पाण्याची टाकी. मुलानं शोधून काढलं की न्हाणीघराच्या खिडकीतून मान बाहेर काढली की दोन टाक्यांच्या मधून एक निळी चिंधी दिसते. तोच आमचा चारशे रुपयांचा समुद्र. खोलीतून समुद्र दिसतो का, की गच्चीवरून? सरळ दिसतो की वाकून? कितव्या मजल्यावरून? असं विचारून घ्या, आणि त्या खिडकीतून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. देणारे देतात. न देणाऱ्यांचंही उत्तर त्यातच कळतं. माझं विचाराल तर समुद्राचे पैसे भरूच नका. रामकृष्ण बीचवर समुद्र फुकट आहे आणि खोलीत आपण झोपायलाच जातो. किनाऱ्याच्या रस्त्यापासून थोडं आत, आरटीसी कॉम्प्लेक्स नावाचं बसस्थानक आहे त्या भागात किंवा जगदंबा जंक्शनकडं खोल्या स्वस्त मिळतात आणि ऑटोनं समुद्र काही लांब नाही. जगदंबा ऐकून सासूबाईंनी हात जोडले होते. तिथं देवीचं देऊळ नाही, सिनेमा टॉकीज आहे, चौकाला तिचंच नाव पडलं.

बाकीचं भराभर सांगते. गादी जास्तीची लागली तर तिचे किती, आणि त्या गादीवरच्या माणसाचा सकाळचा नाश्ता धरला आहे की वेगळा? मुलाचे पैसे कितव्या वर्षापासून? सांगितलेल्या भाड्यात जीएसटी आला का? लिफ्ट आहे का, आणि चालू आहे का? खाली लग्नाचा हॉल आहे का? हे विसरू नका, माघात तिकडंही लग्नं असतात आणि बॅण्ड तिकडंही तसाच वाजतो. मोठ्या माणसांपैकी प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, एकट्या घरधन्याचं चालत नाही. सासूबाईंचं आधार घरी पेटीत राहिलं होतं, मोबाइलवर दाखवून भागलं. आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ काढता येतं, ते द्या. आणि इंटरनेटवर हॉटेलचा म्हणून दिसणारा प्रत्येक नंबर हॉटेलचा नसतो. कोणी घाईघाईनं आगाऊ रक्कम एखाद्या माणसाच्या नावावर मागितली तर थांबा. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर काढून पुन्हा लावा.

शौचालयाचं विचारायला लोक संकोचतात, मीही संकोचले होते. सासूबाईंना कमोडची सवय नाही, त्यांचं कसं होईल ही धास्ती मला घरापासून होती. झालं उलटंच. दोन्ही गुडघे गेलेल्या त्या बाईला तिथं बसणं-उठणं इतकं सोपं गेलं, की परत आल्यावर पहिली मागणी तीच झाली. मार्चमध्ये हरभरा विकला आणि बसवला.

आणि ओल. खाऱ्या हवेत कपडे वाळत नाहीत. आपल्याकडं जानेवारीत सकाळी टाकलेलं लुगडं दुपारी कडक होतं, तिथं दुसऱ्या दिवशीही दमटच. त्यात आमच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पोपडे आलेले. पांघरूणसुद्धा जरा ओलसर लागायचं. १२ टक्क्यांच्या वरचा माल, परत करायला हवा होता! दुसऱ्या दिवशी सांगितलं तर वरच्या मजल्यावरची कोरडी खोली मिळाली, कुरकुर न करता. समुद्रात जायचे कपडे वेगळे न्या, जास्तीचे न्या, दोरी न्या.

समुद्राचं एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. रामकृष्ण बीचवर पाय भिजवा, आत शिरू नका. तिथं पाण्याला आतून ओढ आहे, माणसं बुडतात. वर्धा नदीत पोहणाऱ्याला वाटतं, आपल्याला येतं. नदी एका दिशेनं ओढते, तिचं कळतं. लाट येते एका दिशेनं आणि पायाखालून ओढते दुसऱ्या. ऋषिकोंड्याचा किनारा जास्त स्वच्छ, पण तिथंही जीवरक्षक असतील तिथंच.

तीन रात्रींत पाहायचं किती? लोक अराकू खोऱ्याचं नाव घेतात, बोर्रा गुहांचं घेतात. सुंदर आहे म्हणतात, पण जायला-यायला अख्खा दिवस जातो, आणि एवढ्या लांबून समुद्रासाठी येऊन दिवस डोंगरात घालवायचा हे मला पटलं नाही. आम्ही किनाऱ्यावरच उभी केलेली कुरसुरा पाणबुडी पाहिली. रशियात बांधलेली, १९६९ साली नौदलात आलेली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. सोमवारी बंद असते. आतली दारं इतकी लहान की वाकून, पाय उचलून जावं लागतं. सासूबाई बाहेर कणीस खात बसल्या. एक सकाळ सिंहाचलमला दिली. नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, खरं रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं. उरलेला वेळ वाळूत.

जेवणाची काळजी करू नका. भाकरी मिळणार नाही, भात मिळेल. पण एके दुपारी ताटात हिरवी आंबट चटणी आली. वाढणारा म्हणाला, गोंगुरा. सासूबाईंनी बोट लावून चाटलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘बाप्पा, अंबाडी हाय ना हे!’’ अंबाडीच होती. त्यानंतर त्यांनी तीन दिवस दुसरं काही मागितलं नाही.

यंदा पुरीला जायचं घाटतं आहे. परवा आमचे हे हॉटेलला फोन लावून ‘हां जी, हां जी’ करत होते. सासूबाईंनी ऐकून घेतलं, मग हातातून फोन घेतला आणि आपल्या हिंदीत विचारलं, ‘‘भाऊ, गाडी सकायी पोचते. खोली तवाच देते का बारा वाजता? आन् खिडकीतून समुद्र दिसते का टाकी?’’

पलीकडचा माणूस बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘माताजी, टंकी।’’

चारशे रुपये तिथंच कमी केले त्यानं.