यीस्टवाल्यांच्या बैठकी

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली कळ्या फुटणाऱ्या यीस्टच्या पेशी)

पाव फुगवणारं, बिअर आंबवणारं हे यीस्ट. पोषण मिळालं की साधारण दीड तासात एका पेशीच्या दोन होतात. आपल्या पेशीसारखंच इथेही केंद्रक आहे, त्यात १६ गुणसूत्रं आहेत. माणसाच्या पेशीत काय घडतं, हे शोधणाऱ्यांनी म्हणूनच यीस्ट हाताशी धरलं.

१९६१ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, कार्बनडेल गावी, यीस्टच्या आनुवंशिकीवर काम करणारे मोजके संशोधक जमले. या विषयाचे एक आद्य अभ्यासक कार्ल लिंडेग्रेन इथेच काम करत. पुढे ही परिषद देशोदेशी भरत गेली. या लोकांची एक सवय मला फार मोलाची वाटते : आपल्याकडचं वाण मागणाऱ्याला देऊन टाकायचं. निर्जंतुक कागदाच्या तुकड्यावर यीस्ट घ्यायचं, फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि साध्या पाकिटातून टपालानं पाठवायचं.

(दृश्य : परिषदेचं सभागृह, फळ्यावर डीएनएची आकृती)

१९८० सालची एक गॉर्डन परिषद, म्हणजे निवडक शास्त्रज्ञांची बैठक. ही काही यीस्टची परिषद नव्हती. संशोधक एलिझाबेथ ब्लॅकबर्न बोलत होत्या टेट्राहायमेना या तळ्यातल्या एकपेशीय जीवाबद्दल. त्याच्या गुणसूत्रांच्या टोकांना डीएनएची तीच सहा अक्षरं, म्हणजे रासायनिक घटक, पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी दाखवलं.

श्रोत्यांत यीस्टवर काम करणारे जॅक शोस्टाक होते. यीस्टमध्ये डीएनएचा सरळ, दोन मोकळ्या टोकांचा तुकडा घातला की तो टिकत नाही, हे त्यांना प्रयोगातून ठाऊक होतं. व्याख्यानानंतर दोघं बोलत बसले. टेट्राहायमेनाची टोकं यीस्टमधल्या तुकड्याला जोडून पाहिली तर?

खरं तर चालायला नको होतं. दोन जीव एकमेकांपासून फार दूरचे. पण तुकडा टिकला! शिवाय पुढे दिसलं, की यीस्टनं त्या परक्या टोकांवर स्वतःची अक्षरं चढवली. म्हणजे टोकं वाढवणारं काहीतरी पेशीत असणार. तुकडा टिकल्याचा निबंध १९८२ साली आला, पुढे कॅरोल ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांना टोकं वाढवणारं टेलोमरेज हे विकर सापडलं, आणि २००९ चं नोबेल तिघांना मिळालं. छापील निबंधांतून हे जुळायला किती काळ लागला असता, कोण जाणे. टेट्राहायमेनावाले आणि यीस्टवाले एकमेकांचं सहसा वाचत नसत.

(दृश्य : १६ गुणसूत्रांचा नकाशा)

१९८९ मध्ये बेल्जियमचे आंद्रे गोफो यांनी युरोपातल्या प्रयोगशाळा एकत्र आणल्या आणि यीस्टचा सगळा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, अक्षर न् अक्षर वाचायचा घाट घातला. गुणसूत्रं वाटून घेतली गेली. १९९२ मध्ये तिसरं गुणसूत्र पूर्ण झालं. पुढे अमेरिका, कॅनडा, जपानही सामील झाले. जवळपास ६०० संशोधक. केंद्रक असलेल्या जीवाचा पूर्ण वाचलेला हा पहिला जीनोम : सुमारे सव्वा कोटी अक्षरं, सहा हजारांच्या आसपास जनुकं. एप्रिल १९९६ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्यावरचा निबंध छापून आला ऑक्टोबरमध्ये.