दिवाळीनंतर कुठे असता?

श्रोतेहो, नमस्कार.

आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. येणारी मुलं-मुली हुशार असतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची सोल्युबिलिटी चाचणी त्यांना येते. बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की बाळ तीव्र कुपोषित धरायचं, हेही तोंडपाठ असतं. अडतं ते त्याच्या पुढे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातली गोष्ट. एका उपकेंद्रात आमची एक शिकाऊ नर्स गरोदर बाईला लोहाच्या लाल गोळ्या देत होती. तिसऱ्या खेपेलाही बाईचं हिमोग्लोबिन साडेसातच्या वर सरकेना. पोरीने रजिस्टरात लिहून टाकलं, 'सहकार्य करत नाही.' मी म्हटलं, अगं, विचारलंस का तिला? विचारणार कसं? बाई भिलोरी बोलणारी, आणि आमची पोरगी पारोळ्याकडची, घरी अहिराणी. मग आशाताईंना मध्ये बसवलं. तेव्हा उलगडा झाला. बाई उजाडायच्या आत कामाला निघायची, गोळी तेव्हाच घ्यायची. पोटात काही नाही, त्यामुळे दिवसभर मळमळ. आठवड्याभरात तिने गोळ्या आढ्याला खोचून ठेवल्या.

रिकाम्या पोटी लोहाची गोळी मळमळते, हे आमच्या पुस्तकात आहे. पोट रिकामं का, ते पुस्तकात नाही. गोळी रात्रीच्या भाकरीनंतर घ्यायची, चहाबरोबर नाही, एवढं ठरलं. शेवटच्या तीन महिन्यांत अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण मिळतं. त्या यादीत तिचं नाव आहे का, हे मात्र तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांना समाजाकडे बघायला शिकवा, हे काही नवं नाही. देशाच्या आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ सालीच सांगितलं होतं, की वैद्यकीय शिक्षणात तीन महिने सामाजिक वैद्यकाला द्या. आता तर धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक दिली जातात. दत्तक हा शब्द काही मला रुचत नाही. शिकायला जातात ती पोरं, तेव्हा दत्तक गेली तर तीच गेली म्हणायची!

आता क्षयाचं घ्या. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. समजा गणपतीत गोळ्या सुरू झाल्या. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल आधीच घेतलेली, घरात ती खर्चही झालेली. दिवाळी सरली की नवरा-बायको, पोरं, भांडीकुंडी घेऊन ट्रक निघतो तो थेट गुजरातच्या उसात. इकडे कार्डावर शेरा पडतो, 'गैरहजर'. माणूस कुठे पळालेला नसतो. तो कोयता घेऊन फडात उभा असतो आणि खोकत असतो. निक्षय, म्हणजे क्षयरुग्णांची सरकारी नोंदणी, तिचा क्रमांक देशभर चालतो, बारडोलीकडेही गोळ्या मिळू शकतात. पण निघण्याआधी कुणीतरी त्याचं नाव तिकडच्या केंद्राकडे वर्ग करायला हवं. पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली. तीही बँक खातं धड असेल तरच हातात पडते.

म्हणून आमच्या प्रशिक्षणात एक प्रश्न मी हट्टाने घातलाय. नाव, वय, खोकला किती दिवस, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न: दिवाळीनंतर तुम्ही कुठे असता? सुरुवातीला पोरं हसतात. मग एखाद्या पाड्यावर दहा घरं फिरून येतात आणि वहीत गावांची नावं दिसायला लागतात, मुकादमाच्या फोन नंबरासकट. पोरं मग स्वतःच विचारतात, सर, तपासणीचं शिबिर आपण जानेवारीत का ठेवतो? तेव्हा तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्याच असतात!

बरोबर आहे त्यांचं. सातपुड्यातला माणूस होळीला घरी येतो म्हणजे येतोच. त्याआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, डोंगरातून माणूस लोटतो. वजनकाटा, थुंकीच्या डब्या आणि सिकलसेलचं किट घेऊन बसायचं तर तिथे बसावं, ढोल वाजत असला तरी.

तेव्हा धडगाव, मोलगी, तळोद्याकडच्या ज्या आशाताई आत्ता ऐकत असतील, त्यांना एक विनंती. तुमच्या भागातला भोंगऱ्या कोणत्या वारी आहे, तेवढं आपल्या आरोग्य केंद्रात कळवून ठेवा. शिकाऊ पोरांना तिथे न्यायची जबाबदारी माझी.

नमस्कार.