आधी तिला सांगा

नमस्कार, श्रोतेहो.

सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेल्या गरोदर बाईचे सगळे लक्ष डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे असते. डॉक्टर बोलायचे थांबले की तिच्या पोटात गोळा येतो, आणि “नातेवाईक कोण आहेत? त्यांना आत पाठवा” हे वाक्य कानी पडले, की वाईट काहीतरी आहे हे तिला वेगळे सांगावे लागत नाही. काय वाईट आहे, ते मात्र सर्वांत शेवटी तिलाच कळते.

बाळाचे ठोके थांबले आहेत किंवा कवटीची वाढच झालेली नाही, हे कसे सांगावे, ते शिकाऊ डॉक्टर वर्षानुवर्षे वरिष्ठांचे पाहूनच शिकत आले. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा भाग देशभर रीतसर समाविष्ट झाला, हे चांगलेच झाले. या शिक्षणात २००० साली कर्करोगतज्ज्ञांनी मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत नेहमी सांगितली जाते: निवांत जागा पाहावी, रुग्णाला काय माहीत आहे आणि किती ऐकायचे आहे ते विचारावे, मग बातमी सांगावी, तिचे दुःख समजून घ्यावे आणि पुढचे ठरवावे. पण कर्करोगाचा रिपोर्ट आधी डॉक्टरांच्या हाती येतो, त्यांना तयारीला वेळ मिळतो. इथे बातमी तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावर उमटते. म्हणूनच पहिले वाक्य तोंडात बसलेले हवे: “मला काळजी वाटावी असे काही दिसते आहे, नीट पाहून लगेच तुम्हाला सांगते.” गर्भलिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, बाळाच्या प्रकृतीबद्दल बोलण्यास नाही. लिंगाबाबत मौन पाळण्याची ही सवय कधी कधी नको तिथेही पसरते, असे मला वाटते.

अशी बातमी सांगण्याचा सराव करताना एका निवासी डॉक्टरने डॉक्टर व्हावे, अनुभवी सिस्टरने पेशंट, आणि तिसऱ्या कोणीतरी सासूबाई जरूर व्हावे. “तिला कशाला, आम्हाला सांगा” असे सासूबाई म्हणणारच. त्यांचा मान राखून “आई, तुम्ही तिच्याजवळ बसा, मी दोघींनाही सांगते” असे म्हणणे वाटते तितके सोपे नाही. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे बोलणे सासूबाईंकडेच वळते. “ठोके थांबले आहेत” एवढे सांगून गप्प राहणे तर त्याहून अवघड. ती शांतता सोसवत नाही म्हणून “वय लहान आहे, पुन्हा दिवस राहतील” असे चटकन तोंडून निघते.

सोलापुरात भाषेचाही प्रश्न आहे. पूर्व भागातील विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलली जाते, आणि दुभाषी म्हणून बहुधा नणंद किंवा शाळकरी मुलगी पुढे केली जाते. अशी बातमी मुलीच्या तोंडून आईला सांगवू नये. ती भाषा येणाऱ्या सिस्टरला बोलवावे.

गर्भात गंभीर व्यंग आढळले, तर गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो, आणि त्यासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. जिची संमती घ्यायची, तिलाच पूर्ण माहिती नसेल, तर त्या सहीला अर्थ काय? शिवाय पहिल्या भेटीतले बरेचसे डोक्यात शिरत नाही, म्हणून महत्त्वाचे मुद्दे तिच्या भाषेत कागदावर लिहून द्यावेत, एक-दोन दिवसांत पुन्हा बोलवावे, आणि त्या वेळी तिला बाळंतिणींच्या वॉर्डासमोरच्या बाकावर ताटकळत ठेवू नये.