वेदीवरचे हात

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च असो की वाशीचं सेक्रेड हार्ट, मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूंनी म्हणायचे शब्द बहुतेक ठरलेलेच असतात. पण ते कुणाला उद्देशून आहेत, हे मागच्या बाकावरच्या माणसाला कळतं ते फादरांच्या हातांवरून आणि नजरेवरून.

“प्रभू तुम्हांबरोबर असो” म्हणताना हात उघडून पुन्हा जोडायचे आणि लोकांकडे पाहायचं, कारण हे लोकांशी बोलणं आहे. “आपण प्रार्थना करू या” हे हात जोडूनच. मग शांतता. त्या शांततेत प्रत्येकजण आपापली विनवणी मनात आणतो. त्यानंतर हात पसरून जी प्रार्थना होते ती पित्याला, म्हणजे देवाला. तिथे नजर बाकांवरून फिरली, की ती प्रार्थना न राहता लोकांना दिलेली सूचना वाटते. हे हात फार खाली राहिले तर खांदे उडवल्यासारखे दिसतात. आणि पुष्कळदा शांतता गिळली जाते ती पान न सापडल्यामुळे. प्रार्थनेच्या ग्रंथातल्या खुणेच्या फिती मिस्सेआधी लावून ठेवाव्यात आणि वेदीसेवकाने ग्रंथ वेळेवर समोर धरावा, एवढंच लागतं.

आता मुख्य भाग, भाकर आणि द्राक्षारसावरची महाप्रार्थना. पवित्र आत्म्याला आवाहन करताना दोन्ही हात भाकर आणि चषकावर पसरायचे, मग दोहोंवर मिळून एकदाच क्रूसाची खूण. प्रभू येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारताना धर्मगुरू किंचित वाकतात, भाकर वेदीपासून थोडीच वर असते. शब्द संपले की भाकर लोकांना दाखवायची, तबकात ठेवायची आणि गुडघा टेकायचा. उजवा गुडघा, जमिनीला लागेपर्यंत. चषकानंतर दुसऱ्यांदा, परमप्रसादाआधी, म्हणजे ती भाकर ग्रहण करण्याआधी, तिसऱ्यांदा. घाईत गुडघा अर्धाच वाकतो आणि तोंड पुढचं वाक्य म्हणू लागतं. गुडघे साथ देत नसतील तर सावकाश, कमरेतून वाकावं. तेच शोभतं.

प्रभूच्या त्या शब्दांआधी “मोडली” हा शब्द येताच भाकर मोडणं ही मोठी चूक. 2004 च्या ‘रिदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम’ या रोमच्या सूचनापत्राने ती स्पष्टपणे थांबवायला सांगितली आहे. प्रभूने भाकर घेतली, आभार मानले, मोडली, दिली. मिस्सेत या चारही कृतींना आपापली जागा आहे: अर्पण, महाप्रार्थना, “देवाच्या कोकरा” म्हणताना भाकर मोडणं, आणि परमप्रसाद. आधीच मोडली तर “देवाच्या कोकरा”च्या वेळी पाहण्यासारखं काय उरतं? शिवाय ती महाप्रार्थना पित्याला आहे. शेवटच्या भोजनाचं नाट्य तिथे करायचं नाही.

भारतातल्या बिशपांना 1969 मध्ये रोमने मिस्सेतल्या 12 बदलांची मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल नमन, चुंबनाऐवजी वस्तूला स्पर्श करून हात कपाळाला लावणं, हे त्यांतले. आपल्या अंगवळणी असलेल्या या कृती वेदीजवळ फार सुंदर दिसतात. मात्र अर्धा गुडघा आणि अर्धा नमस्कार अशी सरमिसळ नको. एक काहीतरी पूर्ण करावं.

माइक हातात धरला, तर एक हात प्रार्थनेतून गेलाच. म्हणून कॉलरला लावायचा किंवा स्टँडवरचा माइक हवा. अखेरच्या आशीर्वादाला डावा हात छातीवर ठेवावा, उजव्याने एकच रुंद क्रूस करावा. “पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा” हे शब्द संपेपर्यंत तो हात चालत राहावा. मग वेदीचं चुंबन, तेही माइक बंद करून.