कथा कुठून आली तेही सांगा

मंडळी, नमस्कार. आज ज्या यूट्यूब चॅनलविषयी बोलायचं आहे त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की बोलणं माणसांवर घसरतं आणि मुद्दा बाजूला राहतो. शिवाय जे सांगणार आहे ते या प्रकारच्या बहुतेक मराठी आणि हिंदी चॅनलना लागू पडतं. पुराणातल्या कथा आणि मराठ्यांचा इतिहास दहा-पंधरा मिनिटांत समजावून सांगणारं हे चॅनल मी नेमानं बघतो. निवेदकाची भाषा स्वच्छ आहे, उच्चार चांगले आहेत, मेहनत दिसते. घरोघरची शाळकरी मुलं जेवताना ते लावून बसतात. जरासंध कोण, शिशुपाल कोण, मुरारबाजी कुठं पडला, हे त्यांना त्यातून कळतं. हे श्रेय मोठं आहे आणि ते मी मनापासून देतो.

माझी तक्रार एकच आहे, पण ती मुळावरची आहे. हे चॅनल कथा सांगतं. ती कुठून घेतली ते सांगत नाही.

मयसभेचा भाग घ्या. दुर्योधन पाण्याला जमीन समजून पाय टाकतो आणि आत पडतो. वर सज्जात द्रौपदी उभी असते. ती हसते आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ असं म्हणते. संगीत थांबतं, दुर्योधनाचे लाल डोळे पडदाभर दिसतात आणि युद्धाचं बी इथं पडलं असं निवेदक सांगतो. सांगताना शब्द एकच, ‘महाभारतात’. कोणत्या महाभारतात?

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीतलं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या महाभारतातलं, सभापर्व उघडून हा प्रसंग वाचा. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा सेवक हसतात. राजाच्या आज्ञेनं त्याला चांगली, कोरडी वस्त्रं दिली जातात. त्याची ती अवस्था बघून भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात. द्रौपदी त्या प्रसंगात नाहीच. ते वाक्य तर कुणाच्याच तोंडी नाही.

द्रौपदीचं हसणं येतं ते पुढं, हस्तिनापुरात. दुर्योधन बापासमोर आपला जळफळाट बोलून दाखवतो तेव्हा म्हणतो, कृष्ण अर्जुनासह मला मोठ्यानं हसला, द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली. आता थोडं मागं जा. दुर्योधन आणि शकुनी मयसभेत मागं राहिले, असं जिथं सांगितलं आहे, तिथंच कृष्ण द्वारकेला निघून गेल्याचंही सांगितलं आहे. म्हणजे जो तिथं नव्हता तोही दुर्योधनाच्या सांगण्यात हसतो आहे! व्यासांनी घडलेला प्रसंग एकदा सांगितला आणि मग मत्सरानं पेटलेल्या माणसाच्या तोंडून पुन्हा सांगितला. दोन्हींत फरक ठेवला. हा फरक वाचताना मी थक्क होतो. हे मुलांना दाखवलं असतं तर किती मोठी गोष्ट त्यांच्या हाती लागली असती!

आणि हा प्रश्न नुसत्या पाठभेदाचा नाही. त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचल्या तर मन विषण्ण होतं. तिनं जिभेला आवर घातला असता तर पुढचं काही झालं नसतं, असं माणसं एकामागून एक लिहितात. भर सभेत एका स्त्रीला केसांना धरून ओढत आणलं, त्याचा दोष तिच्याच माथी, आणि तोही अशा एका वाक्यासाठी जे तिनं या संहितेत उच्चारलेलंच नाही. निवेदकाला असं काही सुचवायचं नसेल, हे मी मान्य करतो. पण ‘हे वाक्य नंतरच्या नाटकांतून आणि मालिकांतून लोकांच्या ओठी बसलं’ एवढं त्यानं सांगितलं असतं, तर त्या प्रतिक्रियांना आधार उरला नसता.

लक्ष्मणरेषेचंही तेच. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेषा नाही. तुलसीदासांनीही सीताहरणाच्या जागी ती सांगितलेली नाही; पुढं लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते तेव्हा तिचा उल्लेख येतो. चॅनलवर मात्र आगीची रेषा भडकते आणि खाली लिहिलेलं असतं ‘रामायण’. तेवढंच.

आता कुणी म्हणेल, पुराणं ही ऐकण्याची गोष्ट, तिथं संदर्भ कसले मागता? मला वाटतं, हे उलटं आहे. संदर्भ देण्याची सवय आपल्याला पुराणांनीच लावली. महाभारताची सुरुवात काय आहे? नैमिषारण्यात शौनकांच्या सत्रात, म्हणजे लांब चाललेल्या यज्ञात, सौती हा कथेकरी येतो. ऋषी त्याला विचारतात, कुठून आलास? तो सांगतो, जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांनी सांगितलेली, व्यासांची कथा मी ऐकून आलो आहे. युद्ध आपण ऐकतो ते संजयाच्या तोंडून, आणि ऐकणारा धृतराष्ट्र आहे हेही आपल्याला क्षणभर विसरू दिलं जात नाही. कोण सांगतं आणि कुणाला सांगतं, हे त्या ग्रंथाच्या हाडामांसात आहे. आपल्याकडं देवळात पुराणिकबुवा पोथी सोडत तेव्हा श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप चालू आहे की हरिविजय, कितवा अध्याय, हे ऐकणाऱ्या आजीलाही ठाऊक असे. कीर्तनात अभंग कुणाचा ते त्याच्या शेवटच्या चरणातच येतं. हे सगळं काढून टाकून कथा तेवढी उचलली, तर आपण परंपरा पुढं नेत नाही, तिचा पाया काढून घेतो.

इतिहासाच्या भागांत हे जास्त झोंबतं. तानाजी मालुसऱ्यांचा भाग बघा. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, कोंढाणा, उदेभान राठोड. इथपर्यंत ठीक. मग यशवंती घोरपड येते, दोर येतो, शेवटी ‘गड आला पण सिंह गेला’ येतं आणि म्हणून गडाचं नाव सिंहगड पडलं असा शेवट होतो. सगळं एकाच आवाजात, एकाच खात्रीनं.

कृष्णाजी अनंत सभासदानं सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिली. शिवाजी महाराजांना ओळखणाऱ्या पिढीतला तो माणूस. त्याच्याकडं घोरपड नाही. निवडक मावळे वानरासारखे कड्यावर चढून गेले, असं तो लिहितो. महाराजांचे उद्गारही तिथं वेगळे आहेत: ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ आणि सिंहगड हे नाव तर 1670 च्या आधीच्या पत्रातही सापडतं. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहात तो वाचायला मिळतो.

मग घोरपड खोटी का? असं म्हणणारे व्हिडिओही याच चॅनलवर आहेत. ‘तुम्हाला खोटं शिकवलं गेलं’ अशा मथळ्यांचे. तेही मला तितकेच खटकतात. शाहिरानं पोवाडा रचला. त्यानं कुणाला फसवलं नाही. डफाच्या थापेवर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणायचं त्याचं काम त्यानं केलं. बखर बखरीच्या जागी, पोवाडा पोवाड्याच्या जागी, पत्र पत्राच्या जागी ठेवलं की तानाजींचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. उलट, मरणानंतर लोकांनी त्यांना किती जपलं तेही दिसतं.

संदर्भ सांगत बसलो तर प्रेक्षक निघून जातील, ही भीती निवेदकांच्या बोलण्यात नेहमी येते. मला ती पटत नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला भांडारकर आवृत्तीचा आधार आहे आणि त्यांनी तो उघड सांगितला आहे. ते पुस्तक मराठी माणसानं पिढ्यान्‌पिढ्या वाचलं. यूट्यूबवरच बघायचं तर ‘एक्स्ट्रा हिस्टरी’ या इंग्रजी मालिकेत एका विषयाचे भाग संपले की ‘लाइज’ नावाचा आणखी एक भाग येतो. आपण कुठं चुकलो, काय सोपं करून सांगितलं, काय गाळलं, हे ते त्यात स्वतःच सांगतात. प्रेक्षक त्या भागाची वाट बघतात. आपल्या चॅनलना हे करायला कुणी अडवलेलं नाही.

चिकित्सित आवृत्तीचं पान इथं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावं. काम 1919 मध्ये सुरू झालं, 1966 मध्ये पूर्ण झालं. विष्णु सीताराम सुकथनकर 1943 मध्ये गेले, पुढं बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते तडीस नेलं. 1259 हस्तलिखितं तपासली गेली. पानावर वर स्वीकारलेली संहिता, खाली बारीक टायपात पाठभेद: कोणत्या पोथीत काय आहे, कुठला श्लोक कुठं जास्तीचा आहे. आणि वरच्या संहितेतही ज्या अक्षरांविषयी संपादकांची पुरती खात्री नाही त्यांच्याखाली एक नागमोडी रेघ. आयुष्यं घालवलेल्या विद्वानांनी आपल्याच निर्णयाखाली ती रेघ ओढली. त्या रेघेमुळं माझा त्या आवृत्तीवर विश्वास बसला.

व्हिडिओत अशी रेघ ओढणं कठीण नाही. कथेचा ग्रंथ बदलला की पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव बदलावं. चित्र संगणकानं काढलेलं असेल तर तसं लिहावं. खालच्या वर्णनात पर्व, अध्याय, बखरीचं पान द्यावं. चिकित्सित आवृत्तीची संहिता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते, त्यामुळं साधनं मिळत नाहीत ही सबब चालणार नाही.

चॅनलचा पुढचा भाग कर्णावर आहे, अशी घोषणा झाली आहे. त्यात द्रौपदीस्वयंवर येणारच. धनुष्याला हात घालणाऱ्या कर्णाला ती ‘मी सूताला वरणार नाही’ असं म्हणते, तो श्लोक काही पोथ्यांत आहे, काहींत नाही. चिकित्सित आवृत्तीनं तो मुख्य संहितेबाहेर ठेवून तळाशी नोंदवला आहे. निवेदकानं ते वाक्य जरूर सांगावं, कारण लोकांच्या मनातला कर्ण त्यावर उभा आहे. पण ते कुठल्या पोथीतलं, हे त्याच दमात सांगावं, अशी माझी त्याला जाहीर विनंती आहे. मी तो भाग बघणार आहे.